गोव्याचं राहू द्या, आधी शनिवारी भेटा : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत दोस्तमंडळींचे प्रश्न सगळ्यात जास्त आहेत. भेटायचं कसं, जायचं कुठं, घरी काय सांगायचं, खर्चाचं काय. मला हे प्रश्न लग्नाच्या नाहीतर नोकरीच्या प्रश्नांइतकेच महत्त्वाचे वाटतात, म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच दिलीय. लिहिणारे सगळे सोलापूरचे किंवा सोलापुरात येऊन राहिलेले आहेत, नाव कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, वय २७. आमचा शाळेपासूनचा सहा जणांचा ग्रुप आहे. दोघं पुण्यात आयटीत, एक शिफ्टमध्ये, एकाचं नवी पेठेत कपड्याचं दुकान, एकाचं आत्ताच लग्न झालंय आणि मी. किती वर्षं झाली ग्रुपवर नुसतं गोवा गोवा चालूय. तारीख ठरते, शेवटी कोण तरी कल्टी मारतो, मग भांडणं, मग महिनाभर सगळे गप, मग परत कोणतरी समुद्राचा फोटो टाकतो. मागच्या वेळी मी वैतागून म्हटलं ग्रुपच बंद करूया तर एकजण म्हणाला, "मग तूच कर की बे प्लॅन." आमची दोस्ती उरलीय का नुसता ग्रुप उरलाय? (अक्कलकोट रोड)

उत्तर : भावा, दोस्ती उरलीय. ज्यांना एकमेकांचं काही वाटत नाही ती माणसं एकाच गोष्टीवरून वर्षानुवर्षं भांडत बसत नाहीत, ग्रुप म्यूट करतात आणि आपल्या कामाला लागतात.

पण गोवा सध्या बाजूला ठेव. गोव्यात वाईट काही नाही, २०२५ च्या जूनमध्ये इथून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा तुमच्यासारख्या कितीतरी ग्रुपमध्ये हा विषय परत वर आला असणार. पण तुमच्या सहा जणांचं गणित मांडून बघ. पुण्यातल्या दोघांना मोठी सुट्टी मिळते ती दिवाळीत, आणि दिवाळी म्हणजे तुमच्या दुकानदाराची वर्षाची कमाई, त्या आठवड्यात तो घरी जेवायला जाऊ शकत नाही तर गोव्याला कुठून येणार. शिफ्टवाल्याला सलग चार दिवस मागायचे म्हणजे दोन जणांची मनधरणी करावी लागते. आणि नवीन लग्न झालेल्याने पहिली मोठी सुट्टी बायकोला घरी ठेवून दोस्तांबरोबर काढावी असं तुम्ही म्हणूच नका, ते बरोबर नाही. म्हणजे कल्टी मारणारा कोणीच नाही रे यात. सहा जणांचे तेच चार दिवस मोकळे निघतच नाहीत, आणि दरवेळी ज्याचं जमलं नाही तो वाईट ठरतो, आणि मग पुढच्या वेळी तो आधीच धास्तावलेला असतो म्हणून हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

तर एक रात्र ठरव, फक्त एक. शनिवार धर. पुण्याची दोघं संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघतील, रात्री सोलापुरात उतरतील, तुम्ही चौघं स्टेशनला घ्यायला जा. रिक्षा करून या म्हणायचं नाही, जायचंच, कारण तुमची रात्र तिथूनच सुरू होते, स्टेशनबाहेर चहा घेत घेत अर्धं बोलणं तिथंच होऊन जातं. पुढे काय खायचं ते बाहेरच्या भरवशावर ठेवू नको, उशीर झाला तर बंद मिळेल आणि मूड जाईल. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा एवढं आधी आणून कुणाच्या तरी गच्चीवर ठेव, उन्हाळा असेल तर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ठेव, दिवसा पारा ४३ च्या वर गेलेला असतो आणि सोलापूरकर खरा बाहेर पडतो तो रात्रीच. रविवार अख्खा आहेच. ज्याला सोमवारी ऑफिस गाठायचंय त्याला पहाटेची हुतात्मा आहे, साडेसहाला निघून चार तासांत पुणे. मॅनेजरला एक मेसेज टाकला की काम होतं.

आता ठरवायचं कसं ते नीट वाच. ग्रुपवर विचारू नको. ग्रुपवर "कोण कोण येणार" असं विचारलं की सहाच्या सहा जण दुसरा काय म्हणतो ते बघत बसतात. एकेकाला फोन कर, मेसेज नाही, फोन. आधी दुकानदाराला, मग शिफ्टवाल्याला, कारण त्यांचेच दिवस अडतात, पुण्यातली दोघं मागून येतील. चौघांचं जमलं की पक्कं, राहिलेल्या दोघांसाठी तारीख हलवायची नाही आणि त्यांच्यावर राग पण धरायचा नाही, पुढच्या महिन्यात ते असतील. लग्न झालेल्याला सांग की बायकोला घेऊन ये, तिला पण कळू दे नवऱ्याचे दोस्त कोण आहेत ते, एकदा ओळख झाली की तीच त्याला पाठवेल.

आणि तो "तूच कर की बे" म्हणाला ना, ते टोमणा म्हणून मनात ठेवू नको. प्रत्येक ग्रुपमध्ये एक माणूस लागतो जो फोन करतो, वेळ सांगतो, कोण कुठून येतोय ते बघतो. तुझा हिशोबाचा हात आहे, तुला हे जमेल. असे चार-पाच शनिवार झाले की मग गोवा काढा, तेव्हा कोण खरंच येऊ शकतो हे न बोलता सगळ्यांना माहीत असेल.

प्रश्न : ताई, मी मूळचा नाशिकचा, बँकेत आहे, बदली होऊन सोलापुरात आलो. ऑफिसातली मंडळी फार चांगली, संध्याकाळी चहाला, भज्यांना मला बरोबर नेतात, पण बोलता बोलता कधी कन्नड सुरू होतं, कधी तेलुगू, मध्येच हिंदी, सगळे हसतात आणि मी नुसता बघत बसतो. मला मुद्दाम बाहेर ठेवतायत असं वाटायला लागलंय. जाणं बंद करावं का? (होटगी रोड)

उत्तर : नका हो बंद करू. मुद्दाम कुणी करत नाहीये. सोलापुरात माणूस घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि ऑफिसात तिसरी बोलत मोठा होतो, कुठली कधी सुरू झाली हे त्याच्या लक्षात पण येत नाही. इथलं ग्रामदैवत सिद्धेश्वर महाराज, त्यांची १२ व्या शतकातली वचनं कन्नडमध्ये आहेत. शहराच्या पूर्व भागात विणकाम करणारी पद्मशाली मंडळी तेलंगणातून आली, त्यांच्या घरात आजही तेलुगू बोलतात आणि तीच माणसं बाहेर तुमच्याशी फर्मास मराठी बोलतात. तुमच्या समोर बसून ते भाषा बदलतात म्हणजे ते तुम्हाला पाहुणा धरत नाहीयेत, पाहुणा असता तर सगळे नीट सांभाळून पुस्तकी मराठीत बोलले असते.

पण तुम्ही गप बसून राहिलात तर त्यांना कळणार नाही. पुढच्या वेळी हसले की लगेच विचारा, मला पण सांगा की काय झालं. एकदा दोनदा सांगतील, मग कुणीतरी आपोआप तुमच्या शेजारी बसून सांगत जाईल, प्रत्येक टोळक्यात असा एक जण असतोच. आणि त्यांच्या घरच्या गोष्टीत जा. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, ऑफिसातल्या तेलुगू मित्राला म्हणा की मला यायचंय, तो घरी जेवायलाच घेऊन जाईल बघा. तिथं पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी पानात पडली तर दोनदा मागून घ्या, त्या घरात तुमची जागा पक्की.

प्रश्न : आमचा ग्रुप दर पंधरा दिवसांनी सावजी मटणाला जातो. मी शाकाहारी. जायला आवडतं पण तिथं मी भाकरी आणि काहीतरी रस्सा खातो आणि बिल मात्र सगळ्यांत सारखं वाटतात. बोललो तर कंजूस वाटेन का? (दत्त चौक)

उत्तर : वाटणार नाहीस, पण बिल आल्यावर बोलू नको, बसायच्या आधी बोल. "माझं मी वेगळं देतो रे" एवढंच, सरळ आवाजात, मोबाइलवरून पैसे टाकायचे आणि विषय संपला. आणि दोन-तीन वेळांतून एकदा तुझ्या पसंतीचं ठिकाण मागून घे, तेवढा हक्क आहे तुझा. दोस्त चांगले असतील तर त्यांना आत्तापर्यंत सुचलं नाही याचंच वाईट वाटेल.

प्रश्न : ताई आम्ही पाच जण इंजिनिअरिंगला, तीन गाड्या, प्रत्येकी जास्तीत जास्त पाचशे रुपये. सकाळी निघून अंधाराच्या आत घरी. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर लहानपणापासून घरच्यांबरोबर करून झालंय. आम्हाला काहीतरी वेगळं पाहिजे, अॅडव्हेंचर टाइप. सगळे म्हणतात सोलापूरच्या आसपास काहीच नाही. (विजापूर रोड)

उत्तर : काहीच नाही म्हणणाऱ्यांनी कुडल बघितलेलं नसतं. हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. इथं भीमा आणि सीना मिळतात. दोन जुनी मंदिरं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर, आणि एक शिवलिंग असं आहे ज्यावर ३५९ मुखं कोरलीत, जवळ जाऊन बघितलं की एकेक चेहरा वेगळा दिसायला लागतो, मान वाकडी करून करून तुम्ही दमाल. आणि संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर एक शिलालेख आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये तो धरला जातो, त्यातल्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. तुम्ही इंजिनिअरिंगची पोरं, केटी-बिटी असेल तर जाऊन वाचून या. मी मनापासून सांगतेय, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या भाषेत दगडावर लिहिलं आणि ते आपल्या घरापासून तासाभरावर आहे, हे सोलापुरातल्या प्रत्येक पोराने एकदा डोळ्यांनी बघायला पाहिजे. संगमावर बसून डबा खा. पाण्यात मात्र उतरू नका, वाळू उपसलेल्या जागी पात्रात खोल खड्डे असतात, वरून पाणी गुडघाभर वाटतं आणि पुढचं पाऊल सापडत नाही. पोहता येतं म्हणणाऱ्याने पण नाही.

पावसाळ्यात जाणार असाल तर नळदुर्ग. हैदराबाद रोडने साधारण पन्नास किलोमीटर, धाराशिव जिल्हा. किल्ला मोठा आहे, पण खरी गंमत पाणी महालाची. बोरी नदीवर बांधच घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. पाणी चढलं की बांधावरून दोन धबधबे पडतात, त्यांना नर आणि मादी म्हणतात, आणि महालात उभं राहिलं की डोक्यावरून नदी जातेय आणि समोर पाण्याचा पडदा आणि आत तुम्ही कोरडे. चारशे वर्षांपूर्वी हे कसं साधलं असेल यावर तुम्ही पाच जण परत येईपर्यंत वाद घालू शकता, सिव्हिलचा कुणी असेल तर त्याची खैर नाही. धबधबे रोज नसतात, चांगला पाऊस होऊन नदीला पाणी आलं की सुरू होतात, म्हणून निघायच्या आधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. किल्ल्यात उपळ्या बुरुज पण चढा, वरून सगळा परिसर दिसतो.

खर्च म्हणाल तर नव्वद-शंभर किलोमीटरला एका गाडीला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल, ते पाच जणांत वाटलं की तुमच्या पाचशेतले निम्म्याहून जास्त उरतात. हेल्मेट मागच्याने पण घालायचं. एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडे जाऊ नका, दगड तापतो, अकरानंतर उभं राहता येत नाही.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी एसवायला आहोत. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत भरणाऱ्या जत्रेला रात्री जायचंय, फक्त मैत्रिणी मैत्रिणी, कारण लाइटिंग आणि पाळणे रात्रीच भारी दिसतात. तिघींच्या घरी नाही म्हणतात, आठच्या आत घरात पाहिजे म्हणतात. भावाला कुठंही फिरू देतात. खोटं बोलून जावं असं एकीचं म्हणणं आहे. (बाळीवेस)

उत्तर : खोटं बोलू नका. गड्डा म्हणजे अख्खं सोलापूर एका मैदानात, काकू, मावशी, वडिलांचे मित्र, कोण ना कोण भेटणारच, आणि एकदा पकडलं गेलं की पुढची दोन वर्षं आठचे सहा होतील.

तुमचा राग बरोबर आहे. भावाला जे विचारत नाहीत ते तुम्हाला विचारतात आणि ते चूक आहे, हे घरी शांतपणे सांगा, सांगायलाच पाहिजे. पण त्याबरोबर आईच्या हातात काहीतरी ठोस द्या. "जाऊ का" असं विचारलं की उत्तर नाहीच येतं. "आम्ही चौघी साडेसहाला निघणार, होम मैदानावर असणार, साडेनऊला अमकीचे बाबा घ्यायला येणार, ही चौघींच्या आयांची नंबरं" असं सांगितलं की आईला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. चौघींच्या आयांना आधी एकमेकींशी बोलू द्या, एक आई तयार झाली की बाकीच्या तिच्या भरवशावर तयार होतात. पहिल्या वर्षी साडेनऊ, ते नीट पाळलं की पुढच्या वर्षी दहा मागता येतात.

दिवस पण विचार करून निवडा. अक्षता सोहळा, होमविधी आणि शोभेचं दारूकाम या दिवशी गर्दी इतकी असते की हात सुटला की माणूस सापडत नाही, ते दिवस घरच्यांबरोबर करा. सातही नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी घरच्यांबरोबर बघण्यातच मजा आहे, आजीला त्यातलं काय काय माहीत असतं ते पण कळतं. यात्रेचे मुख्य दिवस संपले तरी गड्डा पुढे बरेच दिवस चालू असतो, तुमची मैत्रिणींची रात्र तेव्हाची धरा, पाळण्याला रांग पण कमी. गर्दीत फोन लागत नाही म्हणून चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ती जागा आत शिरायच्या आधी ठरवा. कुणी त्रास दिला तर गप बसून घरी यायचं नाही, तिथल्या पोलिसांना सांगा नाहीतर ११२ लावा, आणि घरी पण सांगा. त्यात तुमची काही चूक नसते आणि त्यासाठी पुढच्या वर्षीचा गड्डा बंद होता कामा नये, हे मी तुमच्या आयांना पण इथूनच सांगतेय.

प्रश्न : ताई, आम्ही शाळेतल्या अकरा जणी, आता सगळ्या चाळिशीच्या आसपास. एका मैत्रिणीचं मोहोळकडं शेत आहे, तिथं हुरड्याला जायचं ठरवतो. मागच्या हिवाळ्यात तिघीच आल्या. एकीकडं पाणी येणार होतं, एकीच्या मुलाची परीक्षा, एकीकडं पाहुणे. सासूबाई म्हणाल्या, बायकांना कसल्या आल्यात पार्ट्या. यावर्षी तरी जमावं असं फार वाटतंय. (जुळे सोलापूर)

उत्तर : जमेल हो. आणि जमायलाच पाहिजे, तुम्ही अकरा जणी वीस-बावीस वर्षं घरच्यांच्या वेळेने चाललाय, एक दिवस मागताय तो काही जास्त नाही.

पहिलं पाण्याचं बघू, कारण सोलापुरात बाईचा दिवस पाण्यावर ठरतो आणि हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. काही दिवसांच्या अंतराने पाणी येणार, ते पण रात्री येईल का दुपारी ते त्या दिवशी कळणार, आणि भरणारी एकटी तीच, म्हणून ती गावाबाहेर जाऊच शकत नाही. तर अकरा जणींच्या भागात पाणी कुठल्या वाराच्या आसपास असतं ते एका कागदावर लिहा, ज्या दिवशी कमीत कमी जणींचं आहे तो दिवस धरा, आणि उरलेल्या दोघी-तिघींच्या नवऱ्यांनी नाहीतर मुलांनी त्या दिवशी पाणी भरायचं. मोटर चालू करायची, पाइप टाकीत सोडायचा, भांडी लावायची, यात बाईच पाहिजे असं काही नाही, दहावीतल्या मुलाला येतं हे. आठवडाभर आधी सांगून ठेवा, त्या दिवशी सकाळी नाही.

दुसरं, हुरडा तुमच्या तारखेला थांबत नाही. पेरणी कधी झाली त्यावर आहे सगळं, डिसेंबर ते फेब्रुवारीत कधीतरी दाणा दुधातून बाहेर येऊन कोवळा हिरवा असतो तेवढेच दिवस, निबर झाला की गेला. म्हणून शेतवाल्या मैत्रिणीला विचारून दोन तारखा धरा, पहिली हुकली तर दुसरी. तिने गुळभेंडी ज्वारी लावली असेल तर तुमचं नशीब, ती हुरड्यासाठीच लावतात, गोडी वेगळीच. ऊन चढायच्या आत नऊपर्यंत शेतात पोचा म्हणजे चारला घरी निघता येतं आणि संध्याकाळचा स्वयंपाक कुणी केला हा प्रश्न घरात उभाच राहत नाही. खरं म्हणजे तो पण त्या दिवशी दुसऱ्या कुणी तरी करावा, पण पहिल्या वर्षी एवढं सगळं एकदम नको.

एक गोष्ट आग्रहाने सांगते, तिथं जाऊन स्वयंपाक करत बसू नका. बायका जमल्या की एक कणीक मळायला लागते, दुसरी फोडणी टाकते आणि गप्पा राहून जातात. हुरडा हेच जेवण. शेतावरचा कुणी तरी गोवऱ्यांची आगटी पेटवून कणसं भाजून देईल, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे ठरवून द्या, तो ताटात गरम दाणे चोळून टाकत जाईल आणि तुम्ही शेंगाची चटणी, दही, गूळ घेऊन बसा. घरून फक्त चटण्या न्या, तीन जणींनी तीन, बाकीच्यांनी काही नाही. गाडीचं भाडं दहाने भागा, शेतवाल्या मैत्रिणीकडून घेऊ नका.

सासूबाईंना विचारा की त्यांच्या लहानपणी हुरडा कुठं खायच्या, कोण कोण असायचं. बहुतेक त्यांच्या पण मैत्रिणी निघतील त्यात. हुरडा गरमच चांगला लागतो म्हणून भाजलेला घरी आणू नका, थोडी कोवळी कणसं मागून आणा आणि गॅसवर भाजून त्यांना द्या, आणि पुढच्या वर्षी येता का म्हणून विचारा, येतील सुद्धा. पाण्याची यादी मात्र याच आठवड्यात करायला घ्या.